पायांवरील निळ्या शिरांचे जाळे : काळजी केव्हा करावी, केव्हा करू नये?

पायांवर, विशेषतः मांडीच्या बाहेरच्या बाजूस, गुडघ्यामागे किंवा घोट्याजवळ बारीक निळ्या-जांभळ्या रेषांचे जाळे उमटलेले अनेकांच्या पाहण्यात असते. कोणाला ते झाडाच्या फांद्यांसारखे दिसते, तर कोणाला कोळ्याने विणलेल्या जाळ्यासारखे. म्हणूनच वैद्यकात या शिरांना ‘स्पायडर व्हेन्स’ असे नाव पडले आहे. या शिरांविषयी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांचे साधारणपणे दोन गट पडतात. पहिल्या गटातील रुग्ण नुसत्या जाळ्याने घाबरून गेलेले असतात. ‘रक्त खराब झाले’, ‘आता अर्धांगवायू होणार’, ‘शीर फुटणार’ असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलेले असते. दुसऱ्या गटातील रुग्ण मात्र पाच-सात वर्षे पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाज सुटते, तरीही ‘वयोमानाने होते’ म्हणून स्वस्थ बसतात आणि जखम चिघळल्यावरच येतात.

पहिल्याची भीती अनाठायी असते आणि दुसऱ्याची बेफिकिरी महागात पडते. या दोहोंतील फरक घरच्या घरी कसा ओळखावा, हे समजावून देणे हाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

रक्त पायांतून वर कसे चढते?

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नलिकांना रोहिणी आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या नलिकांना नीला म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. बोलीभाषेत ‘शीर’ म्हणतो ती बहुधा नीलाच असते. हृदयाच्या ठोक्याचा जोर रोहिणींना थेट मिळतो. नीलांपर्यंत तो फारसा पोहोचत नाही. मग पावलापासून हृदयापर्यंत सव्वा-एक मीटरची चढण रक्त कसे चढते?

त्यासाठी निसर्गाने दोन सोयी केल्या आहेत. पहिली सोय पोटरीच्या स्नायूंची. आपण चालू लागलो की पोटरी आवळते, सैल होते, पुन्हा आवळते. त्या दाबाने खोलवरच्या नीलांतील रक्त वर ढकलले जाते. पोटरीला ‘पायातले दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. दुसरी सोय झडपांची. नीलांच्या आत ठिकठिकाणी नाजूक पडद्यांच्या जोड्या असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, पण खाली उतरू देत नाहीत. पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ साली या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना झडपांचे खरे काम काय, ते दाखवून दिले.

शेतकरी वाचकांना हे चटकन उमगेल. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो धड असेल तर मोटार बंद केली तरी पाइपात पाणी भरलेले राहते. तो गळू लागला की पाणी परत विहिरीत उतरते. पायांतील झडपांचेही तसेच आहे. झडप सैल पडली की वर गेलेले रक्त मागे फिरते, खाली साचते आणि त्या भाराने शिरेची भिंत ताणली जाऊन शीर फुगते व वेडीवाकडी होते. खालच्या झडपेवरचा भार वाढून तीही निकामी होते. आजार हळूहळू वाढत जातो तो असा.

दाबाचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला आणि झडपा चांगल्या असल्या तर तो उतरून ३० मिलिमीटरच्या आसपास येतो. झडपा निकामी असल्या तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. पायाच्या नीलांचे बहुतेक विकार हे या न उतरणाऱ्या दाबाचे विकार आहेत, हे ध्यानात ठेवले की पुढचे सर्व उपचार आपोआप समजतात.

जाळे वेगळे, गाठाळ शिरा वेगळ्या

त्वचेवर दिसणाऱ्या शिरांचे जाडीनुसार तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरांचा. त्या एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात व कातडीच्या अगदी वरच्या थरात असतात. रंग लाल, जांभळा किंवा निळा. हाताला त्या लागत नाहीत. सावळ्या त्वचेवर लालसर रेषा कमी दिसतात, निळसर-जांभळ्या अधिक उठून दिसतात.

दुसरा प्रकार एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, हिरवट-निळ्या, जाळीदार शिरांचा. पुष्कळदा याच शिरा वरच्या बारीक जाळ्याला रक्त पुरवीत असतात.

तिसरा प्रकार तीन मिलिमीटर वा त्याहून जाड, फुगलेल्या, दोरीसारख्या पिळदार शिरांचा. यांनाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. उभे राहिल्यावर त्या टरारून फुगतात आणि आडवे होऊन पाय वर केला की ओसरतात.

१९९४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन या विकाराच्या पायऱ्या ठरविल्या. बारीक जाळे ही पहिली पायरी, फुगलेल्या शिरा ही दुसरी, पायाला सूज ही तिसरी, कातडीचा रंग व पोत बदलणे ही चौथी, भरून आलेली जखम ही पाचवी आणि उघडी जखम ही सहावी. मात्र पहिल्या पायरीवरचा प्रत्येक जण सहाव्या पायरीपर्यंत जातोच असे अजिबात नाही. बहुसंख्य लोकांचे जाळे आयुष्यभर जाळेच राहते. त्याने हृदयविकार होत नाही आणि अर्धांगवायूही होत नाही.

कोणाला होतात?

या शिरांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई-वडिलांपैकी कोणाला त्रास असेल तर मुलांत शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत बारीक जाळे अधिक आढळते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातील नीलांवर पडतो. त्यामुळे अनेकींना प्रथम त्याच काळात शिरा दिसू लागतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्यांतील बऱ्याचशा ओसरतात. म्हणून गरोदरपणात या शिरांवर इंजेक्शनाचा वा शस्त्रक्रियेचा उपचार करीत नाहीत.

वाढते वय, लठ्ठपणा आणि पायाला पूर्वी झालेली मोठी इजा ही आणखी काही कारणे. व्यवसायाचाही संबंध आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथे यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे कामगार, हॉटेलातील आचारी, केशकर्तनालयातील कारागीर, वाहतूक पोलीस, दुकानात गल्ल्याशी उभे राहणारे विक्रेते, वर्गात दिवसभर उभे राहून शिकविणारे शिक्षक, या सर्वांचे पाय चालत नाहीत, नुसते उभे असतात. पोटरीचा पंप बंद आणि दाब मात्र पूर्ण, अशी त्यांच्या पायांची स्थिती असते. तासन् तास पाय लोंबते सोडून शिलाई मशीनवर वा संगणकापुढे बसणाऱ्यांचीही गत फारशी निराळी नाही.

घरी करावयाची तपासणी

महिन्यातून एकदा, शक्यतो संध्याकाळी, चांगल्या उजेडात दोन मिनिटे उभे राहून दोन्ही पाय समोरून व मागून पाहावेत. मागची बाजू घरातील दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावी. साडी वा पायजम्याआड पाय झाकलेले राहतात आणि घोट्यावरचे डाग स्वतःलाच वर्षानुवर्षे दिसत नाहीत. म्हणून हे सांगणे. पुढील गोष्टींची नोंद घ्यावी :

१) नुसते बारीक जाळे आहे, सूज नाही, दुखणे नाही, कातडी नितळ आहे. अशा वेळी काळजीचे कारण नाही. उपचार हवा असल्यास तो दिसण्यासाठी करावयाचा, प्रकृतीसाठी नव्हे.

२) संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, रात्री पोटरीत गोळे येतात, मोज्याच्या कडेचा वण खोल उमटतो. फुगलेल्या शिरा असोत वा नसोत, एकदा डॉक्टरांना दाखवावे.

३) जाळे घोट्याच्या आतल्या बाजूस, पावलाच्या कडेने पंख्यासारखे दाट पसरले आहे. हे जाळे साधे समजू नये. आतील मोठ्या शिरेच्या झडपा गळत असल्याची ती खूण असू शकते.

४) घोट्याच्या वर कातडी तपकिरी-काळपट झाली आहे, खाज सुटते, इसबासारखे चट्टे आहेत, कातडी कडक झाली आहे. येथे दिरंगाई करू नये. हे नुसते त्वचेचे दुखणे नाही, ते शिरांच्या दाबाचे दुखणे आहे. यावर खाजेचे मलम वर्षभर चोळले तरी मूळ कारण तसेच राहते.

५) जखम आहे आणि दोन आठवड्यांत भरत नाही, किंवा शिरेतून एकदाही रक्त आले आहे. अशा वेळी त्वरित शल्यचिकित्सकाकडे जावे.

६) एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, पाय गरम वाटतो. हे खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत दम लागत असेल वा छातीत दुखत असेल तर क्षणाचाही विलंब करू नये.

चेहऱ्यावर व छातीवर दिसणारे जाळे

कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पायांवरच येतात असे नाही. नाकाच्या कडेला, गालांवर त्या दिसत असतील तर कारण वेगळे असते. उन्हात वर्षानुवर्षे केलेले काम हे एक. दुसरे, आपल्याकडे फार वाढलेले कारण म्हणजे गोरे दिसण्यासाठी, वांग किंवा मुरुमांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे. पहिले काही दिवस चेहरा उजळ वाटतो. नंतर कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, केस वाढतात आणि मलम थांबविले की आग होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, ते यासाठीच. असे मलम दीर्घकाळ लावले असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने ते बंद करावे.

छाती, मान, खांदे व चेहरा यांवर मध्ये लाल ठिपका आणि त्यातून बारीक पाय फुटल्यासारख्या रेषा, असा डाग दिसल्यास मधल्या ठिपक्यावर पेन्सिलीच्या टोकाने हलके दाबून पाहावे. दाबल्यावर रेषा नाहीशा होऊन सोडताच मध्यापासून कडेकडे पुन्हा भरत असतील तर त्या नीला नव्हेत, सूक्ष्म रोहिणी होत. असा एखादा डाग निरोगी माणसातही आढळतो आणि गरोदर स्त्रियांतही येतो. पण असे अनेक डाग एकदम दिसू लागले, विशेषतः दारूचे व्यसन असलेल्या किंवा पूर्वी कावीळ झालेल्या व्यक्तीत, तर यकृताची तपासणी अवश्य करून घ्यावी.

डॉक्टर काय तपासतात?

पायांच्या शिरा उभ्यानेच तपासाव्या लागतात. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितलेली तपासणी आजही शिकविली जाते. आडवे करून पाय वर धरायचा, शिरा रिकाम्या करायच्या, जांघेजवळ दाब द्यायचा आणि रुग्णाला उभे करून दाब सोडायचा. शिरा वरून खाली भराभर भरल्या तर वरची झडप गळते हे कळते. आता याहून खात्रीची तपासणी म्हणजे कलर डॉप्लर सोनोग्राफी. तीत सुई नाही, दुखणे नाही. कोणती झडप गळते, खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत की नाहीत, हे पडद्यावर दिसते. केवळ बारीक जाळे असलेल्या प्रत्येकाला डॉप्लर लागत नाही. मात्र पायाला त्रास असेल, जाळे घोट्याजवळ दाट असेल किंवा फुगलेल्या शिरा असतील तर उपचारापूर्वी ती करून घेणे शहाणपणाचे. पावलातील रोहिणींचे ठोके तपासणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

बारीक जाळ्यावरील उपचार

पहिला पर्याय म्हणजे काहीही न करणे, आणि तो अगदी योग्य पर्याय आहे.

जाळे घालवायचेच असेल तर इंजेक्शनाचा उपचार हा सर्वांत रुळलेला. याला ‘स्क्लेरोथेरपी’ म्हणतात. केसासारख्या बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध सोडतात. त्याने शिरेचे आतील अस्तर चुरचुरते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि बंद पडलेली शीर शरीर हळूहळू जिरवून टाकते. भूल द्यावी लागत नाही. लगेच चालत घरी जाता येते, किंबहुना चालावेच लागते. काही दिवस दाब देणारे मोजे घालावे लागतात. फरक दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि बहुतेकांना एकाहून अधिक बैठका लागतात. जाळ्याला रक्त पुरविणारी जाडसर शीर आधी बंद करावी लागते. नाहीतर वरचे गवत कापले आणि मूळ तसेच ठेवले, असे होते.

या उपचाराचे तोटेही आधीच समजून घ्यावेत. इंजेक्शनाच्या जागी तपकिरी डाग पडू शकतो. आपल्या सावळ्या वर्णावर तो अधिक ठळक दिसतो व बहुधा काही महिन्यांत ते वर्षभरात फिका होतो. कधी त्याच जागी आणखी बारीक लाल जाळे उमटते. क्वचित औषध शिरेबाहेर गेल्यास जखम होते. ॲलर्जीही क्वचित होते. गरोदर स्त्रियांना, पायात गुठळी असलेल्यांना व अंथरुणाला खिळलेल्यांना हा उपचार देत नाहीत. पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

दुसरा पर्याय लेसरचा. चेहऱ्यावरील बारीक रेषांसाठी तो अधिक वापरतात. पायांवर इंजेक्शनच सामान्यतः सरस ठरते. गडद त्वचेवर चुकीच्या प्रकारचा लेसर वापरल्यास भाजल्याचे वा पांढरे डाग पडू शकतात. त्यामुळे आपल्या वर्णाच्या त्वचेवर कोणता लेसर चालतो याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच हा उपचार घ्यावा, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. आणि पुढे नवे जाळे कधीच येणार नाही अशी हमी कोणी देत असेल तर त्या हमीवर विश्वास ठेवू नये. बंद केलेली शीर जाते, पण नव्या शिरा निर्माण होण्याची प्रवृत्ती जात नाही.

फुगलेल्या शिरांवरील उपचार

जांघेपासून घोट्यापर्यंत गेलेल्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी असतील तर ती शीर बंद करणे वा काढणे हा मूळ उपचार. पूर्वी जांघेत छेद घेऊन शीर बांधणे व ओढून काढणे हीच शस्त्रक्रिया होती. ती आजही परिणामकारक आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र शिरेत बारीक नळी सरकवून ती लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करण्याची पद्धत रूढ झाली. ही क्रिया सोनोग्राफीखाली, बहुधा केवळ जागेवर भूल देऊन होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. फेसाळ औषधाचे इंजेक्शन हाही एक मार्ग आहे. यांपैकी आपल्या पायाला कोणता योग्य, हे डॉप्लर पाहूनच ठरते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील शस्त्रक्रिया विभागात या विकाराची तपासणी होते. खर्चाच्या धास्तीने घरी बसून राहण्यापेक्षा तेथे जाऊन विचारणा करावी.

न भरणारी जखम

शिरांच्या दाबामुळे होणारी जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूस, जरा वर असते. ती महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे वाहते. रुग्ण पावडर, हळद, झाडपाला, प्रतिजैविकांचे कोर्स, सारे करून दमतो. कारण जखम वर असते आणि दोष आत असतो. दाब उतरल्याशिवाय ती भरत नाही. म्हणून स्वच्छ ड्रेसिंगच्या जोडीला पावलापासून गुडघ्यापर्यंत नीट बांधलेली दाबपट्टी हाच तिचा मुख्य उपचार. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पट्टीसोबत गळकी शीर लवकर बंद केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, तर आधी पट्टी व शिरेवरचा उपचार मागाहून अशा गटात तो ८२ दिवस होता. तेव्हा ‘आधी जखम भरू दे, मग शिरेचे पाहू’ असे म्हणत थांबणे बरे नव्हे.

मात्र मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे आणि चालताना पोटरी भरून येऊन थांबावे लागणारे, यांच्या पायांतील रोहिणीच अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायाला घट्ट पट्टी वा मोजा बांधल्यास उरलासुरला रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पावलातील ठोके तपासावे लागतात ते याचसाठी. अशा रुग्णांनी दुकानातून परस्पर मोजे आणून घालू नयेत.

शीर फुटून रक्त आले तर

हा भाग कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे. घोट्याजवळची फुगलेली शीर नखाने खाजवल्याने, आंघोळीच्या वेळी दगड घासल्याने किंवा किरकोळ ठेच लागूनही फुटू शकते. दुखत नाही, पण रक्ताची धार लागते. उभे राहून किंवा खुर्चीवर बसून राहिल्यास घोट्याजवळचा दाब कायम राहतो आणि रक्त थांबत नाही. अशा रक्तस्रावाने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, आणि तरीही हा रक्तस्राव थांबविणे अत्यंत सोपे आहे.

१) रुग्णाला ताबडतोब जमिनीवर आडवे करावे.
२) पाय हृदयाच्या पातळीहून उंच, खुर्चीवर किंवा उशांवर ठेवावा.
३) स्वच्छ कापडाची घडी करून रक्त येणाऱ्या जागेवर बोटांनी १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरावी. मध्येच उघडून पाहू नये.
४) वर मांडीला दोरी वा रुमाल आवळून बांधू नये. त्याने शिरांतील रक्त आणखी तुंबते.
५) रक्त थांबल्यावर त्याच घडीवर पट्टी बांधून, पाय वर ठेवूनच रुग्णालयात न्यावे.

रोजची काळजी

उभ्याने काम असेल तर दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा वेळा टाचा उचलून चवड्यांवर यावे. बसून काम असेल तर पावले वरखाली हलवावीत. रोज अर्धा तास चालावे. रात्री झोपताना पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवून पायाची बाजू उंच करावी. हृदयविकार वा दम्याच्या रुग्णांनी मात्र आधी विचारून घ्यावे. वजन आटोक्यात ठेवावे. घोट्यावरची कातडी कोरडी पडू देऊ नये, खोबरेल तेल पुरते.

दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले असल्यास घोटा व पोटरीचे माप देऊन घ्यावेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजण्याआधी ते चढवावेत व रात्री काढावेत. वरची कड दुमडू नये. सुमारे सहा महिन्यांत त्यांचा ताण सैल पडतो, मग ते बदलावेत. आपल्या उन्हाळ्यात ते घालणे जिवावर येते हे खरे. पण मांडीपर्यंतच्या मोज्यांऐवजी पोटरीपर्यंतचे मोजेही बहुतेकांना पुरतात.

नेहमीच्या काही शंका

*शीर बंद केली तर रक्त जाणार कोठून?* — पायातील सुमारे ९० टक्के रक्त खोलवरच्या नीलांतून जाते. बिघडलेली वरची शीर बंद केल्याने अडचण होत नाही, उलट मागे फिरणारे रक्त थांबते.

*जळवा लावून वा फासण्या मारून अशुद्ध रक्त काढले तर?* — काढलेले रक्त शरीर पुन्हा भरून काढते आणि गळकी झडप तशीच राहते. पाण्याची टाकी रिकामी केल्याने फूटव्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. शिवाय जखम चिघळण्याचा धोका निराळाच.

*गोळ्यांनी व मलमांनी शिरा जातात का?* — काही गोळ्यांनी जडपणा व सूज कमी वाटते, पण फुगलेली शीर पूर्ववत होत नाही. जाळे पुसून टाकणारे मलम अद्याप निघालेले नाही.

*चालल्याने शिरा वाढतील का?* — नाही. चालणे हे या विकारातील औषधच आहे. अपाय होतो तो स्तब्ध उभे राहण्याने.

*मालीश करावे काय?* — हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. मात्र शीर लाल, टणक व दुखरी झाली असेल किंवा पाय अचानक सुजला असेल तर मुळीच चोळू नये.

थोडक्यात सांगायचे तर, पायांवरच्या शिरा किती दिसतात यापेक्षा त्यांच्या भोवतालची कातडी कशी आहे, याकडे लक्ष द्यावे. कातडी नितळ, पाय हलका, तर जाळ्याची चिंता सोडून द्यावी. घोट्याशी काळपटपणा, सूज, खाज किंवा जखम दिसली, तर तो पाय उपचार मागतो आहे असे समजावे. आज रात्री निजण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांचे, विशेषतः आपले दुखणे कधीच न सांगणाऱ्या आई-आजीचे, घोटे एकदा दिव्याच्या उजेडात अवश्य पाहावेत.